पराभवग्रस्तांचे पुनर्वसन

तामिळनाडूतल्या मेट्टूरला कावेरीवरचे मोठे धरण आहे आणि के. पद्मराजन यांचे टायर दुरुस्तीचे दुकान आहे. या गृहस्थांनी १९८८ पासून दोनशेहून अधिक निवडणुकांचे अर्ज भरले. राष्ट्रपतिपदही सोडले नाही. नरसिंह राव, वाजपेयी, मोदी, कुणाचीच भीड ठेवली नाही. निवडून मात्र कुठेच आले नाहीत. त्यांचा उच्चांक २०११ च्या विधानसभेचा, खुद्द मेट्टूरमधला : ६,२७३ मते. जिंकणाऱ्याला पंचाहत्तर हजारांवर. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते मिळाली नाहीत की अनामत जप्त. तशी ती झाली, आणि पद्मराजन आपले पुन्हा दुकानात.

आम्हाला खटकते ते हेच. पडल्यावर माणूस कामाला लागतो? हे कसले राजकारण?

आमच्याकडे पडलेल्याची केवढी काळजी! निकालाच्या दुपारी साहेब ‘जनतेचा कौल मान्य’ म्हणतात आणि संध्याकाळी मुंबई गाठतात. आठवड्याभरात बातमी येते, साहेबांचे पुनर्वसन होणार. पुनर्वसन! हा शब्द कोयनेच्या धरणग्रस्तांच्या नातवंडांनाही पाठ आहे. आजोबांची जमीन पाण्याखाली गेली, फाइल अजून टेबलावर. साहेबांची नुसती खुर्ची गेली, तर लगेच विधान परिषद; ते नाही जमले तर महामंडळ, गाडीसकट. राज्यपालनियुक्त बारा जागांसाठी साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यांपैकी काहीतरी अंगी असावे लागते. साहेबांनी साखर कारखाना बुडवला तो सहकारीच होता. आणि पडूनही विजयी मिरवणुकीत पुढच्या जीपवर उभे राहणे, ही कला नाही तर काय?

पद्मराजन यांचा मुहूर्तच चुकला. तामिळनाडूची विधान परिषद एमजीआर यांनी १९८६ सालीच मोडीत काढली, आणि हे पडायला निघाले १९८८ मध्ये! मागचे दार बुजवल्यावर पुढच्या दारावर डोके आपटण्यात काय हशील? त्यातून अपक्ष. म्हणजे नाराज होऊन फार्महाउसवर जाऊन बसायचीही सोय नाही. मनधरणीला यायचे कुणी?

त्यांना इकडे एकदा लोकसभेला उभे करावे, असे मनात आले. अनामत पंचवीस हजार, वर्गणी काढू. आमच्या चौकात फ्लेक्सवर गेली तीन वर्षे ‘भावी आमदार’ असलेल्या दादांच्या कानावर घातले.

“काय राव,” दादा म्हणाले, “इथं पडायलासुद्धा रांग आहे. त्यांना म्हणावं, नंबर लावा.”