बदलीवर आलेल्या काळ्या कड्यास अनावृत पत्र

राजमान्य राजश्री काळे कडे, मुक्काम माझ्या टेबलाचा खण, भंडारा, यांसी सा. न. वि. वि.

लिहिण्यास कारण की, ७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यासाठी मी स्वहस्ते बांधलेल्या ५ वॅटच्या प्रवर्धकात ४३ क्रमांकाच्या फेराइट कड्याची जागा रिकामी असता आपण तिथे बदलीवर हजर झालात, आणि आपल्या कारकिर्दीच्या पहिल्याच रात्री आयआरएफ५१० या आज्ञाधारक ट्रान्झिस्टरने प्राण सोडला. याबाबत मजकडून फिर्याद नाही. खुलासा तेवढा मागणे आहे.

आपली नेमणूक नागपुरातील एका दुकानदाराच्या तोंडी शिफारशीवर झाली. ‘सेमच आहे न काका, डोळे मिटून लावा,’ असे तो म्हणाला, आणि मी खरोखरच डोळे मिटले. पितळेच्या भांड्यांसाठी ख्यात असलेल्या गावचा मी रहिवासी. साधा गुंड घेताना आमच्या घरची वडीलधारी माणसे तो टिचकीने वाजवून, कानाने त्याची जात ओळखून मगच पैसे मोजीत. परंतु साडेनऊ मिलिमीटरच्या कड्याला टिचकी काय मारणार? आपण काळे, आपले भाऊबंद काळे, आणि आपल्या अंगावर ना रंगाचा पट्टा, ना अंकाचा छाप.

मी चार वेढे घातले, ५० ओहमचा डमी लोड जोडला, बारा व्होल्टची बॅटरी लावली. मीटरचा काटा दीड वॅटपाशी रेंगाळला. मी हौसेने मॉर्सची कळ दाबून धरली, आणि तारेवरील इनॅमल भाजल्याचा वास आल्यावर आपल्या अंगास बोट लावले, तो असा चटका बसला की चहाच्या भांड्याची आठवण व्हावी. पुढचे वर्तमान आपणांस विदितच आहे.

दुसऱ्या दिवशी मी आपला रीतसर पंचनामा केला. मल्टिमीटरच्या दोन्ही सुया आपल्या उघड्या अंगावर टेकविल्या, तो काही किलोओहम दिसले. आपण ४३ क्रमांकासारखे निकेल-झिंकच्या कुळातील कडे असता, तर मीटर मौनच पाळता. मग दहा वेढे घालून मोजले. ४३ क्रमांकाचे एवढेच कडे सुमारे ३५ मायक्रोहेन्री देते. आपण नव्वदीच्या घरात गेलात. म्हणजे आपण मँगेनीज-झिंक. ज्यांची हयात वीजपुरवठ्याच्या डब्यात, दहा-शंभर किलोहर्ट्‌झच्या संथ वहिवाटीत जाते, त्या घराण्यातले. सेकंदास सत्तर लाख वेळा कूस बदलण्याचे काम आपल्यावर सोपविल्यावर आपण ती शक्ती अँटेनाकडे न धाडता स्वतःच्याच अंगी उष्णतारूपाने जिरविलीत, यात आपला स्वभावधर्मच दिसतो.

आणि गंमत पाहा, आपले आजोळ आमच्याच जिल्ह्यात निघायचे! मँगेनीज तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून निघते, पोलाद वरठीस होते, आणि जस्त आमच्या कासारांच्या पितळेत पिढ्यानपिढ्या मुरलेले. लोह, मँगेनीज, जस्त, ही आपली सर्व उपादाने भंडाऱ्याच्या परिचयाची. फक्त अशी द्रव्ये भाजून, दळून, दाबून फेराइट करण्याची विद्या १९३०च्या सुमारास काटो आणि ताकेई या द्वयाने टोकियोत सिद्ध केली. स्थानिकांस प्राधान्य द्यावे या मताचा मी जन्मभर पुरस्कर्ता. पण येथे हवे होते निकेल, आणि ते परप्रांतीय आहे, यास माझा इलाज नाही.

कोणी म्हणेल, हा गृहस्थ बदलीच्या विरुद्ध आहे. मुळीच नाही. हैदराबादचे अशहर फरहान यांनी टोरॉइड, म्हणजे आपल्यासारखी कडी, दुर्मीळ म्हणून स्वतःच्या बिटएक्स रेडिओसंचात नळाच्या नायलॉन वॉशरांवर तार गुंडाळली, आणि विस्तृत पट्ट्याच्या ट्रान्सफॉर्मरांसाठी दूरदर्शन संचाच्या बालनमधले दोन भोकांचे फेराइट घेतले. वॉशर बिचारा प्रामाणिक. त्याने चुंबकत्वाचा आव कधी आणला नाही, म्हणून त्याच्याकडून वेढ्यांचा हिशेब चोख करून घेता आला. ६१ क्रमांकाचे कडेही ४३च्या जागी चालते, मात्र चाराऐवजी दहा वेढे घालावे लागतात, कारण इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, आणि ट्रान्सफॉर्मरच्या ५० ओहमच्या बाजूस ७ मेगाहर्ट्‌झला साडेपाच-पावणेसहा मायक्रोहेन्री भरणे अगत्याचे. आपल्या बाबतीत हा हिशेबही निरुपयोगी. तीन वेढ्यांतही इंडक्टन्स भागला असता, पण ताप हटला नसता. स्वभावाला वेढे कमीजास्त करण्याचा उपाय नाही.

तेव्हा हुकूम असा की, आपली बदली तात्काळ प्रभावाने माझ्या जुन्या वीजपुरवठ्याच्या तारेवर करण्यात येत आहे. तिथे रात्री खरखर फार असते. ती आपण गिळावी. जागा आपल्या कुळाची आहे, काम हलके आहे, आणि चटका लावण्याची मुभा नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
परवानाधारक एक हौशी प्रसारक, भंडारा

ता. क. दुकानदारास काल भेटलो. त्याने दुसरे कडे पुढे केले, ‘हे तर एकदम सेम’ म्हणून. मी खिशातून मल्टिमीटर काढला, तेव्हा तो जरा दुखावल्यासारखा वाटला.