पान म्हणजे पान

निसर्गात सापडणाऱ्या वस्तूंतून मुलांकडून कलाकृती करून घ्या, खर्च शून्य, असं सांगणाऱ्यांना मुलंही बहुधा शून्यच असावीत. आमच्या सोसायटीत सुट्टीच्या सकाळी हा उपक्रम माझ्या गळ्यात असतो. कारण मी निवृत्त आहे आणि निवृत्त माणसाला दुसरा उद्योग नसतो, हे सर्वसाधारण सभेत एकमताने ठरलेलं आहे. आमच्या सभेत एकमताने ठरलेली ती एकमेव गोष्ट.

पहिला टप्पा जमवाजमवीचा. "खाली पडलेलंच उचलायचं, झाडाला ओरबाडायचं नाही," हा माझा नियम मुलं तंतोतंत पाळतात. एक जण फांदी गदागदा हलवतो, बाकीचे खाली पडलेलंच उचलतात. बघता बघता गुलमोहराच्या शेंगा, पिंपळाची पानं, पारिजातकाचा सडा, कावळ्याचं पीस आणि एक जिवंत गोगलगाय असा ऐवज जमतो. मग शेंगांची तलवारबाजी. दोन्ही बाजूंना मावळेच असतात, मोगल व्हायला कुणी तयार नसतं. बिया मात्र मी मोजून देतो आणि मोजून परत घेतो. चार वर्षांच्या माणसाकडे बी ठेवायला दोनच जागा असतात, खिसा आणि नाक. गुंजांना तर कायमची बंदी. दिसायला लालचुटूक, आतून जहाल विषारी.

चिकटवायला मैद्याची खळ करतो. ती पोटात गेली तरी चालते, आणि ती जातेच.

मग रंग. पारिजातकाचे केशरी देठ गरम पाण्यात टाकले की सुरेख पिवळा-केशरी रंग उतरतो. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी पडली की ते लालभडक होतं (निवळीला हात फक्त माझा). जास्वंदीच्या रसात लिंबू पिळलं तर तो गुलाबी होतो, खाण्याचा सोडा टाकला तर हिरवट. "असं का झालं, आजोबा?" असं कुणीतरी विचारतं आणि मी आनंदाने आम्ल आणि अल्कली यांच्याकडे वळतो. मी परत येईपर्यंत सगळे रंग एकाच मगात गेलेले असतात आणि त्यांचा गच्चीवरच्या टाकीच्या तळासारखा एकच रंग झालेला असतो. मुलांना तोच सर्वांत आवडतो.

ब्रश विकत आणायचा नाही, हाही नियमच. वारली चित्रकार बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करतात, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने भिंतीवर चित्रं काढतात, आणि जिव्या सोमा म्हसे यांना याच कलेसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, हे सगळं मी रंगवून सांगितलं. मुलांनी त्यातला चावण्याचा भाग मनापासून घेतला. भिंतीचा भाग पार्किंगमध्ये घेतला.

एवढं होईपर्यंत पालक 'जरा मदत करायला' येतात. आधी फोनमध्ये नमुना शोधला जातो. मग बाबा मांडी ठोकून बसतात आणि लेकाला सांगतात, "तू फक्त खळ धर." मोठ्यांना पानाचं काहीतरी झालेलं लागतं. पिंपळाच्या पानाचा मासा तरी व्हावा, गुलमोहराच्या पाल्याचा पिसारा तरी व्हावा. पान नुसतंच पान राहिलं, तर सकाळ फुकट गेल्यासारखी वाटते. लेकरू बिचारं खळ धरतं आणि थोडी थोडी खातं.

प्रदर्शनात म्हणूनच मोर फार. एकाहून एक देखणे, आणि सगळ्यांचं वय चाळिशीच्या आसपास. एका कागदावर मात्र पानं एकामागे एक नुसती चिकटवलेली होती. त्याच्यापुढे गर्दी झाली. कुणी म्हणालं आगगाडी, कुणी म्हणालं नाग. एका काकांनी तर त्यात पर्यावरणाचा संदेशही शोधला. शेवटी कलाकाराला, म्हणजे बालवाडीतल्या एका चिमुरडीला, विचारण्यात आलं.

"पानं आहेत ती," ती म्हणाली. "दिसत नाहीत का?"

तिच्या आईने लगबगीने पुढे होऊन कागदाखाली पेनाने लिहिलं, 'मोर'.