बोकडाचं पंचांग

आमच्या गावात पंचांग मन लावून वाचणारे दोघंच: एक गुरुजी आणि दुसरा मी. त्यांना लग्नाचे मुहूर्त काढायचे असतात, मला बोकडांचे. दक्षिणा दोघांचीही तिथीवर अवलंबून.

धाराशिव जिल्ह्यात दीड एकर कोरडवाहू रान, बांधाला शेवरी आणि सुबाभूळ, पत्र्याच्या शेडमध्ये काळ्याभोर उस्मानाबादी शेळ्या, असा आमचा कारभार. जात काटक, बाभळीच्या शेंगांवरही खूश, आणि जुळी देण्यात हात सैल. शेळीपालनाच्या प्रशिक्षणाला गेलात तर जंताचं औषध, पीपीआरची लस, गव्हाणीची उंची, सगळं शिकवतात. ते लागतंच. पण आषाढात चढलेला भाव श्रावणात कुठे जातो, हे त्या वहीत नसतं. ते कालनिर्णयात असतं. आमचं कालनिर्णय घरात, उंच खिळ्याला. मागच्या दोन पायांवर उभं राहून शेवरी ओरबाडणाऱ्या जनावराच्या शेडमध्ये कागद टांगू नये.

आषाढ म्हणजे आमची दिवाळी. पुढे महिनाभर मिळणार नाही म्हणून लोक आधीच भरपाई करून घेतात. दीप अमावस्येच्या अलीकडचा रविवार जवळ आला, की एरवी फोन न उचलणारा व्यापारी पहाटेच दारात उभा. मग श्रावण लागतो. गिऱ्हाईक साबुदाण्यावर आणि बोकड माझ्या पेंडीवर. त्याला उपास कळत नाही.

२०२३ साली तर श्रावणच दोन आले, एक अधिक आणि एक निज. अधिक म्हणजे धोंड्याचा महिना. जावई आला तरी ताटात पुरणाचे धोंडे, मटणाचं नाव नाही. पारावर वाद रंगला, की खरा श्रावण कोणता पाळायचा. मी जन्मात कधी शास्त्रार्थात पडलो नव्हतो, त्या साली पडलो. व्रतं निजातच करतात, अधिकात खायला हरकत नाही, असं मी तळमळीने मांडलं. गुरुजींनी विचारलं, "शेडमध्ये किती बोकड उरलेत?" वाद तिथेच मिटला. निज संपतो तोवर गणपती, पुढे पितृपक्ष, मग नवरात्र. खंडेनवमीला कुठे गिऱ्हाईक फिरकलं. तोवर बोकड नुसते खाऊन म्हातारे.

बकरी ईदचं गणित याहून अवघड. ती चांद्र वर्षाने चालते आणि तिला अधिक महिना नाही, म्हणून दर साली दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. कुर्बानीला बोकड वर्षाचा पुरा लागतो, म्हणून व्यापारी दोनदाती मागतो. शेळी गाभण राहते पाच महिने. म्हणजे ईदच्या दीड वर्ष आधी तारखा जुळवायला बसायचं. शिवाय बोकड निर्दोष हवा. लंगडा चालत नाही, आंधळा चालत नाही, शिंग मुळापासून मोडलेला चालत नाही. आणि दोन बोकड समोरासमोर आले की टक्कर घेतल्याशिवाय राहत नाहीत. ईदच्या आधीचा महिना मी पंच म्हणून काढतो.

व्यापारी आला की आधी जबडा उघडतो. पुढचे दोन दुधाचे दात पडून कायमचे दोन आलेत ना? मग शिंगं हलवून बघतो, कान उलटवतो, डोळ्यांत डोकावतो, चार पावलं चालवून बघतो. माझ्या लग्नात मला कुणी इतकं तपासलं नव्हतं. शेवटी कमरेवर बोटं रुतवतो आणि वजन सांगतो. मी वजनकाटा आणून ठेवलाय; पण त्याचा काट्यावर विश्वास नाही आणि माझा त्याच्या बोटांवर नाही. "जिवंत वजनाच्या निम्मंच मटण पडतं, मालक," असं म्हणून तो सुस्कारा सोडतो. हिशोब खरा आहे, सुस्कारा जास्तीचा. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. या म्हणीत पाळणाऱ्याला कुणी विचारलेलंच नाही.

आमची आई माळकरी. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. पण व्यापाऱ्याने पहिला भाव सांगितला, की तुळशीला पाणी घालता घालता, आमच्याकडे न बघता म्हणते, "तेवढ्यात त्याचं मुंडकं येतं." व्यापारी गुमान वर चढतो.

त्याच २०२३ मध्ये आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, २९ जूनला. कुर्बानी तीन दिवसांत कधीही करता येते, म्हणून राज्यात गावोगावच्या मुसलमान मंडळींनी एकादशी जाऊ द्यायची ठरवली. आमच्या गावातही तसंच ठरलं. आमचा विकलेला बोकड अजून दावणीलाच होता, त्याला एक दिवस वाढून मिळाला. त्या दिवशी त्याने दावं तोडलं आणि वृंदावनातली तुळस बुंध्यापर्यंत खाल्ली. आता रान उठणार म्हणून आम्ही सगळे गप्प. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एकादशीला तोंडात तुळशीपत्र पडलं मेल्याच्या. आपल्या नशिबात असेल का?"

तेव्हा कुणाला बोकड पाळायचेच असतील, तर लिहून ठेवा. २०२८ ची बकरी ईद मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येते, चंद्र दिसेल तसा एखादा दिवस मागेपुढे. तेव्हा दोनदाती माल हवा, तर २०२६ च्या पितृपक्षाच्या सुमारास शेळ्या बोकडाकडे सोडाव्या लागतात. पितृपक्षात शुभकार्य करत नाहीत, हे बोकडाला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.