तिन्ही सह्या एकाच पेनाच्या

टाऊन हॉलच्या परिसरात आपल्या छत्रपती संभाजीनगर महापालिकेचं मुख्यालय आहे. त्याचा इतिहास लिहायचा तर दोन खंड करावे लागतील : नगरसेवक असतानाचा आणि नसतानाचा. दुसरा खंडही चांगलाच जाडजूड भरेल.

1936 ची नगरपालिका 8 डिसेंबर 1982 रोजी महापालिका झाली. भोवतालची 18 खेडी एका झटक्यात शहरात आली, हद्द 138.5 चौरस किलोमीटर झाली. नगरसेवक तेवढे यायचे राहिले. पहिली निवडणूक 1988 साली. बारसं थाटात झालं, आईबाप ठरायला पाच वर्षं लागली! त्या निवडणुकीत शिवसेनेनं 60 पैकी 27 जागा जिंकल्या आणि महापौर झाले काँग्रेसचे डॉ. शांताराम काळे. इथलं गणित पहिल्या दिवसापासून असं.

एप्रिल 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपली, आयुक्तच प्रशासक झाले आणि निवडणूक लांबत गेली. आधी करोना, मग प्रभागरचना, मग ओबीसी आरक्षण, मग कोर्टाची तारीख. करोना गेला, प्रशासक राहिले. कारभार मात्र झकास सुटसुटीत. आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा, स्थायी समिती म्हणून तो तपासायचा, सर्वसाधारण सभा म्हणून मंजूर करायचा. सूचक तेच, अनुमोदकही तेच. विरोध नोंदवायला उरला तो फक्त शिपाई, आणि त्याला बोलायची परवानगी नाही. याच काळात शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या आणि 1680 कोटींची पाणी योजना 2740 कोटींवर गेली. मुख्यालयाजवळच भडकल दरवाजा उभारणारा मलिक अंबर चारशे वर्षांपूर्वी शहराच्या पाण्यासाठी नहर बांधून मोकळा झाला होता. सुधारित प्रशासकीय मान्यतेवाचून त्याचं कसं भागलं, कोण जाणे.

अर्थात, सभागृह भरत होतं तेव्हा तिथून अमृत वाहत होतं असंही नाही. 2018 ची कचराकोंडी भरल्या सभागृहातली. नारेगावच्या कचरा डेपोकडे जाणाऱ्या गाड्या गावकऱ्यांनी अडवल्या, शहर नाक धरून फिरलं आणि सभागृहात एकमेकांकडे बोटं दाखवण्याचं काम बिनविरोध पार पडलं.

अखेर 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झालं. मधल्या काळात लोकांना एक सवय लागली होती : अर्ज थेट आवक-जावकला द्यायचा, पोच घ्यायची, घरी जायचं. आता त्याआधी नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयाचा जिना चढावा लागेल.