यादीवाला

अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत, आणि शिकागोत तर हमखास, हा माणूस भेटतो. पन्नाशी ओलांडलेली, अंगात चौकड्यांचा फ्लॅनेलचा शर्ट, नोकरी विमा कंपनीत. डिसेंबर लागला की तो घरात असून नसल्यासारखा. नाताळचं झाड आणायला सांगून सांगून बायको थकते. याचं आपलं 'या वर्षीचे माझे दहा आल्बम' चाललेलं असतं. यादी कोणी मागितलेली नसते. न दिल्याने कोणाचं अडतही नाही.

यादीत फक्त रॉक आणि अल्ट-कंट्री. अल्ट-कंट्री म्हणजे काय, हे त्याला चुकूनही विचारू नये. विचारलंत, तर जेवण गार होतं. गाडी १९९० पासून सुटते: इलिनॉयमधलं बेलव्हिल गाव, तिथला 'अंकल टुपेलो' हा बँड, त्यांचा 'नो डिप्रेशन' हा पहिला आल्बम. मग १९९४ ची फाटाफूट. जे फरार बाहेर पडला, त्याने 'सन व्होल्ट' काढला. जेफ ट्वीडीने उरलेल्यांना घेऊन 'विल्को' उभा केला. दोघांचेही पहिले आल्बम १९९५ चे, आणि त्यातला सरस कुठला यावरून आपल्या यादीवाल्याने चांगले मित्र तोडलेत. नॅशव्हिलचं रेडिओवरचं गुळगुळीत कंट्री त्याला वर्ज्य. तेच पेडल स्टील गिटार एखाद्या फाटक्या गळ्यामागे वाजलं, की याचे डोळे पाणावतात. गायक फारच सुरात असला तर त्याला संशय येतो.

त्याच्या आयुष्यातलं खरं धर्मसंकट 'यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट'चं. विल्कोचा हा आल्बम रिप्राइज कंपनीने ऐकला आणि नाकारला. बँडने सप्टेंबर २००१ मध्ये तो इंटरनेटवर फुकट ऐकायला ठेवला. मग एप्रिल २००२ मध्ये नोनसच कंपनीने तो बाजारात आणला. दोन्ही कंपन्या तेव्हा एकाच टाइम वॉर्नरच्या. म्हणजे मालकाने एकाच मालाचे दोनदा पैसे मोजले! हे सांगताना त्याला असा आनंद होतो, की त्यातले निम्मे यालाच मिळाले असावेत. पण आल्बम कुठल्या वर्षाचा? २००१ च्या यादीत घातला तर आपण आधी ऐकल्याचं सिद्ध होतं. २००२ मध्ये नाही घातला तर यादी अडाणी दिसते. शेवटी दोन्ही वर्षी पहिला क्रमांक दिला. खाली तळटीप.

आणि गुण! न्यूयॉर्कचं 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिक समीक्षकांचं वार्षिक मतदान घ्यायचं. दहा आल्बमना मिळून १०० गुण वाटायचे, एकाला जास्तीत जास्त ३०, कमीत कमी ५. याला कोणी बोलावलं नव्हतं, पण नियम त्याने घरी लागू केला. नवव्याला सहा द्यावेत की सात, यावर एक अख्खा रविवार जातो. १९९८ साली त्याने ल्युसिंडा विल्यम्सच्या 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड'ला पुरते ३० दिले. त्या मतदानातही तोच पहिला आला. दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. याचं तोंड उतरलं. जे सगळ्यांना आवडलं ते आपल्यालाही आवडावं, ही काय शोभा? रातोरात तिसाचे सव्वीस झाले.

अशा याद्या वाचून वाचून माझं एक मत झालंय. वरचे तीन क्रमांक जगाला दाखवायला असतात. मधले जुन्या दैवतांना: आल्बम रटाळ असला तरी चालतो, काढला हेच पुष्कळ. सातव्यावर कुठून तरी मालीचा गिटारवादक येतो, आपली नजर व्यापक आहे हे कळावं म्हणून. खरा माणूस सापडतो तो दहाव्या क्रमांकावर. तिथे कुठल्याशा बारमध्ये गाणं संपल्यावर गायकाच्याच हातून विकत घेतलेली सीडी असते. मुखपृष्ठ घरच्या प्रिंटरवर छापलेलं, निळा रंग ओल्या बोटांनी फिसकटलेला, गाण्यांची नावं मार्करने लिहिलेली, त्यातही एक खोडून दुरुस्त केलेलं. पाच गुण, त्याहून एक जास्त नाही. पण त्याच्या गाडीत ऑक्टोबरपासून तीच वाजतेय, आणि तुम्ही शेजारी बसलात की तो घाईने बंद करतो.

तेव्हा अशी यादी हातात पडली तर खालून वाचा. पहिल्या क्रमांकाचा आल्बम कुठेही मिळेल. दहावा त्याच्याकडून मागून घ्या. तो आढेवेढे घेईल, पण देईल. फक्त आठवड्यात परत करा. दिल्याची तारीख त्याने लिहून ठेवलेली असते.