इंजिन खोलून बसलेले भाऊ

वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्याला लागलं की आंजी (मोठी) येते. अशा गावात असायला हवं ते सगळं असतं: किराणा, कृषी केंद्र, पंक्चरवाला, पानठेला. शिवाय पाटी नसलेला आणि पावती न देणारा आणखी एक इसम अशा प्रत्येक गावात असतो, आणि तो आपल्या घराच्या सपरीत इंजिन खोलून बसलेला असतो. इंजिन बहुधा राजदूतचं, क्वचित येझदीचं, घरात कधीकाळी पाटीलकी असेल तर बुलेटचं. लहानथोर त्याला भाऊ म्हणतात. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, पेशा शिक्षकाचा, ग्रामसेवकाचा, नाहीतर पाच-दहा एकर कपाशी-तुरीचा; मेकॅनिकचा मात्र कधीच नाही. भाऊंविषयी गावाचं मत असं की माणूस चांगला आहे, पण रिकामा आहे. ग्रामसभेत इतकं एकमत दुसऱ्या कुठल्याही ठरावावर होत नाही. मला हा ठराव मान्य नाही. गाव भाऊंना त्यांच्या मोटारसायकलीवरून जोखतं आणि तिथंच हिशेब चुकतो, कारण मोटारसायकल हा भाऊंच्या कारखान्यातला माल नव्हेच.

तरी आधी गावाची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण तिला पुरावा भरपूर आहे. राजदूत ही 1960 च्या दशकात एस्कॉर्ट्स कंपनीनं पोलंडच्या एका गाडीवरून बेतलेली मोटारसायकल. 173 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर, आणि दोन दुधाचे कॅन, एक खताचं पोतं नि वर एक पाहुणा एवढं वाहून नेण्याची तयारी. तिच्या जाहिरातीत धर्मेंद्र होता. 1973 च्या ‘बॉबी’त तिची धाकटी बहीण पडद्यावर झळकली. तीच राजदूत आज भाऊंच्या सपरीत चार घमेल्यांत वाटली गेली आहे. एकात क्लच प्लेटा, दुसऱ्यात गिअर, तिसऱ्यात डिझेलमध्ये भिजत घातलेलं मॅग्नेट, आणि चौथ्यात कुठं बसतात हे भाऊंनाही न आठवणारे वायसर. कार्बोरेटर पोळ्यांच्या परातीत असतो, कारण बारीक जेट घरंगळलं तर ते परातीतच सापडतं. सणासुदीला आतून वहिनींचा आवाज येतो, “अवो, पुरणाले तरी परात द्या आता!” टाकीतला गंज काढायचा तर भाऊ तीत चिंचेचं पाणी आणि मूठभर नट टाकतात, तोंडाला चिंधीचा बोळा कोंबतात आणि टाकी पोटाशी धरून अर्धा अर्धा तास हलवतात. आधी विटकरी पाणी निघतं, मग चहासारखं, मग बरंचसं निवळ. शेवटी नट मोजले की एक कमी भरतो आणि तो टाकीत जन्मभर वाजत राहतो. दसऱ्याला गावातल्या साऱ्या गाड्या धुऊन-पुसून दारात उभ्या होतात. भाऊंकडं झेंडूचा हार नुसत्या चेसीला आणि हळदीकुंकू चारही घमेल्यांना. हे सगळं पाहिल्यावर येणारा-जाणारा विचारणारच, “काय भाऊ, कधी होते चालू?” आणि भाऊंचं उत्तर ठरलेलं, “होते ना बाप्पा, एक ऑइल सील येनं बाकी हाये.”

या कारभाराचं समर्थन भाऊ स्वतः काटकसरीवर करतात. नवी गाडी लाखाच्या घरात. ही घरची आहे, चार सुटे भाग टाकले की पळेल. हे समर्थन तपासायला बसलं की भाऊंची बाजू फार लंगडी पडते. पिस्टन-रिंग वर्ध्यात मिळत नाहीत म्हणून नागपूर, नागपुरात मिळाल्या त्या मापात बसत नाहीत म्हणून दिल्लीच्या करोलबागेतून पार्सल. पार्सल येईतो सिलिंडर बोअर करणाऱ्या लेथवाल्यानं माप एक नंबर पुढं नेलेलं, म्हणजे पुन्हा पार्सल. सरकारही भाऊंच्या बाजूनं नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. मोटारसायकलीला त्याचं शुल्क 2022 पासून 1,000 रुपये झालं आणि 2025 मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांना 2,000. पर्यावरण कर वेगळा. मग भाऊ विंटेजचा मुद्दा काढतात. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, नोंदणी दहा वर्षं टिकते आणि शुल्क 20,000 रुपये. अट एवढीच की ती रोजच्या वापरात रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, फार तर पेट्रोल भरायला. म्हणजे 20,000 भरून गाडी न चालवण्याचा परवाना. भाऊंकडं तो आजही फुकट आहे. काटकसरीचा युक्तिवाद इथंच निकालात काढू.

दुसरं समर्थन जरा हळवं आहे: गाडी वडिलांची आहे. यावर कुणी बोलत नाही, कारण वडिलांच्या विषयावर आपल्याकडं वाद घालत नाहीत. पण वडिलांची आठवण जपणारा माणूस करतो काय? वस्तू आहे तशी ठेवतो. भाऊ नेमकं उलटं करतात. वडिलांच्या हातानं गुळगुळीत झालेली मूठ काढून नवं रबर घालतात, त्यांच्या बसण्यानं खोलगट झालेली सीट फाडून फोम भरतात, रंग खरवडून टाकतात. पोळ्याच्या गर्दीत बैलाचं शिंग लागून टाकीला पडलेला पोचा म्हणजे घराण्याचा एकमेव लेखी इतिहास. तोही डेंटिंगवाल्याकडून भरून घेतात. वडिलांचं म्हणून उरतं ते आरसी बुक. ते नावावर करायला फॉर्म 31 आणि बाकीच्या वारसांची संमती लागते, आणि शेताचा फेरफार गुण्यागोविंदानं झालेल्या घरातही या संमतीला बहीण विचारते, “पण भाऊ, चालू आहे का ते गाडी?” तेव्हा स्मृतीचा मुद्दाही टिकत नाही. भाऊंचा जीव वडिलांच्या गाडीत गुंतला असता, तर त्यांनी तिला पान्यानं हात लावला नसता.

मग जीव गुंतलाय कशात? माझ्या मते समजण्यात. राजदूत सुरू होत नसेल तर त्याला मोजकीच कारणं असतात: पेट्रोल येत नाही, ठिणगी पडत नाही, दाब राहत नाही. प्लग काढायचा, टोपीत अडकवून इंजिनाच्या अंगाला टेकवायचा, किक मारायची. निळी ठिणगी दिसली तर दोष कार्बोरेटरकडं. पिवळी, मरतुकडी दिसली तर पॉइंट आणि कंडेन्सरकडं. पॉइंटमधली फट साधारण 0.4 मिलिमीटर लागते. ती मोजायच्या पट्ट्या मिळतात, पण भाऊ लग्नपत्रिकेचा तुकडा घालून काम भागवतात. यात धोका असा की पत्रिका जितकी श्रीमंत तितकी फट मोठी, आणि फट मोठी झाली की ठिणगी वेळेआधी पडून किक उलटी बसते. भाऊ लंगडताना दिसले तर गावात कुठंतरी मोठं लग्न निघालंय असं समजावं. गंमत सोडा, पण डोळा, कान आणि अंगठा एवढ्यावर तपासता येणाऱ्या शेवटच्या इंजिनांपैकी हे एक आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि बहुतेक साध्या मोटारसायकलींतूनही कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन बसलं. आता गाडी बिघडली की शोरूममधला मुलगा स्कॅनर जोडतो, पडद्यावर कोड उमटतो, कोडाप्रमाणे भाग बदलला जातो. बिघाड काय होता हे गाडीला कळतं, कंपनीला कळतं, मालकाला फक्त बिल कळतं. ही सोय वाईट आहे असं मी म्हणत नाही. गाड्या कमी बिघडतात आणि कमी पितात. पण बिघाडाचं कारण स्वतःच्या डोक्यानं शोधण्याची जी सवय खेड्यात होती, तिला बसायला सपरीखेरीज जागा उरलेली नाही.

हातातल्या कामातून समजून घेण्याची ही कल्पना या जिल्ह्याला नवी असू नये. आंजीहून गांधीजींचं सेवाग्राम काही परमुलखात नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफावं असं ठरलं, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं आराखडा केला. पुढं त्यालाच नई तालीम म्हणू लागले. हातानं वस्तू करता करता तिच्यामागचं गणित आणि विज्ञान कळावं, हा तिचा गाभा. भाऊंची सपरी म्हणजे उशिरा भरलेली नई तालीमच. टकळीच्या जागी कार्बोरेटर एवढाच फरक. कुणी म्हणेल, पेट्रोलच्या धुराला गांधीजींशी कशाला जोडता? तर वर्ध्याचं मोटारीशी वाकडं कधीच नव्हतं. सेवाग्रामची जमीन देणाऱ्या जमनालाल बजाज यांचे दत्तक आजोबा बच्छराज. त्यांच्या नावानं 1945 मध्ये निघालेली बच्छराज ट्रेडिंग ही कंपनी पुढं बजाज ऑटो झाली. चरखा आणि स्कूटर यांची सोयरीक इथलीच आहे. भाऊ नापास होतात ते वेगळ्या कलमात. परिषदेची अपेक्षा होती की उद्योगातून हळूहळू शिक्षकाचा पगार निघावा. इथं शिक्षकाचा पगार कार्बोरेटर खातो.

पण या शाळेचा निकाल पाहायचा तर श्रावण-भाद्रपदात पाहावा. कपाशीवर फवारणीची घाई सुरू होते आणि पाठीवरचे पेट्रोल पंप कोठ्यातून बाहेर निघतात. यातल्या बहुतेकांचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे राजदूतचंच नखाएवढं पिल्लू. गेल्या हंगामात टाकीत उरलेलं पेट्रोल सुकून जेटमध्ये चिकट बसलेलं असतं. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्यानं ते पाणीही ओढतं आणि जुनी रबरं फुगतात. उघाड एक-दोन दिवसांची, मजूर बांधावर आलेले, आणि पंप फुर्रऽऽ करून गप्प. अशा वेळी वर्ध्याला पंप नेणं म्हणजे दिवस गेला. मग जो तो भाऊंच्या दारात. “भाऊ, पंप चालूच नाही होऊन राह्यला.” भाऊ परात ओढतात, कार्बोरेटर उतरवतात, क्लचच्या वायरीतली एक तार घालून जेट मोकळं करतात, प्लग घासतात, टू-टी तेलाचं प्रमाण विचारतात, उत्तर ऐकून कपाळाला हात लावतात, आणि दोरी ओढतात. पंप सुरू होतो. भाऊंना चहा मिळतो. तोही त्यांच्याच घरचा. पंपवाला निघताना घमेल्यांकडं पाहून हसतो आणि फवारणीला जातो. ज्या हातानं त्याचा हंगाम सावरला, तो हात याच घमेल्यांत तयार झाला हे त्याच्या डोक्यात येत नाही. राजदूतवर वर्षानुवर्षं झालेल्या चुका पंपावर होत नाहीत, कारण त्या आधीच करून झालेल्या असतात.

एवढं येतं तर भाऊंनी गॅरेज का टाकू नये, असा व्यवहारी प्रश्न राहतो. कारण गॅरेज टाकलं की तारीख द्यावी लागते, आणि तारीख दिली की माणूस चटकन भाग बदलतो. का बिघडला ते शोधत बसत नाही. व्यावसायिक मेकॅनिकला तेवढी फुरसत परवडत नाही. त्यात त्याचा दोष नाही, त्याला दुकानाचं भाडं आहे. गावाला असा एक तरी माणूस लागतो ज्याला उशीर परवडतो. धुराचा आक्षेप तर मी विचारातच घेत नाही: टू-स्ट्रोकच्या धुरानं हवा बिघडते हे खरं, पण चार घमेल्यांतली गाडी तालुक्यात सर्वांत कमी प्रदूषण करणारी म्हणावी लागेल. खरा आक्षेप वहिनींचा आहे आणि त्याला माझ्याकडं उत्तर नाही. सपरी अडली, परात गेली, डिझेलचा वास गोधड्यांना लागला, आणि गावाच्या शाळेचा खर्च एकाच घरानं का सोसायचा, हा सवाल कुठल्याही शिक्षण परिषदेत टिकेल असा आहे.

तेव्हा आंजीकडच्या मंडळींना विनंती एवढीच, की यंदा पंप घेऊन भाऊंकडं जाल तेव्हा त्यातलं जुनं पेट्रोल घरीच काढून टाका, नवा प्लग खिशात ठेवा, आणि वहिनींसाठी एक परात विकत घेऊन जा.