विविधता, मेंटेनन्ससहित

२६ जानेवारीला आमच्या सोसायटीचे चेअरमन मुंबईच्या विविधतेवर वीस मिनिटं बोलले. झेंड्याला सलाम झाला, ढोकळा वाटला, आणि नोटीस बोर्डावर चिठ्ठी लागली: टू बीएचके भाड्याने देणे आहे, फक्त ‘आपल्यासारख्या’ फॅमिलीला.

तसा माणूस रसिक. रविवारी माटुंग्याला तासभर रांगेत उभं राहून रसम वडा नि फिल्टर कॉफी. सप्टेंबरात वांद्र्याची मोत माउलीची जत्रा. रमजानात मोहम्मद अली रोडचा मालपुवा. त्यात अंडं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, मीही सांगणार नाही. परप्रांतीयांच्या लोंढ्यांवर ते तावातावाने बोलतात तेव्हा हातात वडापाव असतो. पाव पोर्तुगीजांनी आणला, बटाटा नि मिरची अमेरिका खंडातून त्यांच्याच गलबतांबरोबर आली.

कोळणीला मात्र गेटच्या आत मज्जाव. वास येतो म्हणे. ती बिचारी मागच्या कंपाउंडला टोपली टेकवते, आणि वरून गुपचूप दोरीला बांधलेली पिशवी खाली येते. बोंबील भरले की वर जाते. कुठल्या खिडकीतून, ते वॉचमनला ठाऊक आहे. यंदा दिवाळीला चेअरमननी त्याला दुप्पट पोस्त दिली.